निकेल

मोकाशीबाई म्हणाल्या, घाबरू नका,
कॅन्सरबिन्सर नाही, सौम्य आहे.
सौम्य म्हणजे काय ते मला विचारा.
भाताचं एक शीत छातीच्या मधोमध अडून बसतं
आणि तुम्ही मोरीशी वाकून उभे,
तोंडाला लाळेची तार,
बाहेर टीव्ही चालू.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, प्लेटिंगचा गाळा.
सव्वीस वर्षं मी निकेल चढवलं
नळांना, कडीकोयंड्यांना, सायकलच्या घंट्यांना.
चढवायच्या आधी माल कॉस्टिकमध्ये बुडवायचा,
चिकटलेलं तेल सुटतं.
ते कॉस्टिक दिगंबरनं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं.
बायकोच्या भावाचा मुलगा, मीच कामाला लावलेला,
नववा दिवस त्याचा.
मे महिना. मी उभ्याउभ्या मोठा घोट घेतला.

वाचलो. जखमही भरली.
भरली हीच तर अडचण,
भरता भरता आवळत गेली,
सुईच्या नेढ्याएवढी वाट ठेवली.
आधी चपाती बंद झाली, मग भात, मग पेज,
शेवटी डाळीचं वरचं पाणी.
इंदूनं बोंबलाचं कालवणसुद्धा मिक्सरला लावलं.
स्वतः जेवायची ती दाराआड,
पण वासाला कुठलं दार?

दर पंधरा दिवसांनी रिक्षा, खाडीपूल, कळवा.
नळीतून फुगा घालायचे, फुगवायचे,
आठ दिवस बरे जायचे.
सातव्या फुग्यानंतर बाई म्हणाल्या, आता जाळी बसवू.
हृदयातली कायमची असते, ही नाही,
आठ आठवडे ठेवायची
आणि काढून घ्यायची.
कसली असते, मी विचारलं.
निकेल आणि टायटॅनियम.
इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो.
निकेल आपल्या ओळखीचं आहे, बाई.

चार दिवस छातीत कुणी पाना फिरवत होतं.
पलंगाच्या उशाकडे दोन विटा,
तरी रात्री आंबट वर यायचं.
तिसऱ्या आठवड्यात जाळी खाली सरकली,
पुन्हा पूल, पुन्हा भूल, पुन्हा बसवली.

रविवारी दिगंबर यायचा, हातात शहाळं.
दारातच उभा.
इंदू ताट वाढायची,
तो म्हणायचा, आत्ताच जेवून आलो.
दर रविवारी आत्ताच जेवून आलेला हा पोरगा
शर्टात मावेनासा नव्हे, शर्टात सापडेनासा झाला
तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.
त्याच्या घशात कुठली दुर्बीण घालणार?

काढली त्या दिवशी मी म्हटलं, दाखवा.
ट्रेमध्ये होती, बोटाहून लांब,
टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट.
नर्सला सांगून ट्यूबलाइटखाली धरायला लावली.
फिनिश चांगलं होतं.
एक फोड नाही, कुठे पापुद्रा सुटलेला नाही.
कोण कारागीर असेल त्याला मी मनात सलाम केला,
नर्स म्हणाली, काका, आता चला.

घरी मऊ भात, वरण, लिंबू.
मी ताटावर बसलो आणि दिगंबरला म्हटलं,
बस. आधी तू खा.
त्यानं घास घेतला,
तोंडातच फिरवत राहिला कितीतरी वेळ.
इंदू भिंतीकडे बघत होती.
मी काही बोललो नाही.
अशा वेळी बोलून उतरत नाही, मला माहीत आहे.

बाई म्हणाल्यात, पुन्हा आवळू शकतं,
तीन महिन्यांनी या.
येईन.

गाळ्यावर परत जातो आता.
बाटल्या सगळ्या फेकल्या, एक माठ आणलाय.
मला तहान लागली की दिगंबर पेला भरतो,
आधी स्वतः एक घोट घेतो,
थांबतो,
मग पेला माझ्याकडे करतो.
मालकही बघतो, हसत नाही.
असं करू नकोस, म्हणायचंय त्याला.
अजून म्हटलेलं नाही.